खडूचे देश, रंगाचे देश

"दादा, आफ्रिकेत आपलं कोण हाय?"

हा प्रश्न मी माझ्या भावाला विचारला, त्याच्या मंडळातल्या सगळ्या प्रोफेसरांना विचारला, एकदा तर लोणावळ्याच्या स्टेशनमास्तरांनाही विचारला. प्रोफेसर हसले. स्टेशनमास्तर म्हणाले, "चौकशीची खिडकी तिकडं आहे!" 

मी पेंटर. बंगल्यांची नावं, दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची फुलं, सगळं करतो. ब्रश पुसायचं फडकं असतं ना, त्याच्यावर रोजचा रंग चढत जातो आणि एक दिवस ते फडकं आपोआप उभं राहतं! मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मंडळ आता भरत नाही. दादा जाऊन दोन वर्षं झाली. लोक म्हणतात, बबन, आता विसर. मी विसरणार नाही. आणि आता बोलायला हरकतही नाही, तर सगळं सांगूनच टाकतो.

*

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. माझा थोरला भाऊ रघुनाथ. आम्ही लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे, शेतकरी. मी चौथीत शाळा सोडली, दादा शिकत शिकत पुण्याला कॉलेजात राज्यशास्त्राचा प्रोफेसर झाला. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर असे ठिकठिकाणचे आठ मास्तर पत्रं लिहून एकमेकांना धरून होते. विषय एकच, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचं राजकारण. प्रत्येकानं एकेक-दोनदोन देश वाटून घेतलेले. दर दोन महिन्यांनी रविवारी लोणावळ्याला मीटिंग, कारण मुंबईवाल्यांना आणि पुणेवाल्यांना तेच अर्ध्यावर.

जागा होती बाजारात, मोतीशेठच्या चिक्कीच्या भट्टीवरची खोली. मंडळाचा बोर्ड मीच करायचा होता. पण नाव एवढं लांब की दोनदा फळी संपली आणि नाव उरलं! शेवटी अध्यक्ष नगरकर सर म्हणाले, "राहू द्या. ज्यांना यायचंय त्यांना जिना माहीत आहे."

*

गोवा सुटला त्या साली दादानं मला नकाशा करायला सांगितला. देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावात आलेलं तंबूचं कापड मिळवलं. शाळेच्या नकाशावर चौकटी आखल्या आणि कापडावर मोठ्या केल्या. समुद्र निळा. जमिनीला मी फळ्याचा काळा रंग दिला, कारण दादाचा नियम तसा होता. "जो देश सोतंत्र झाला, त्याचं नाव पिवळ्या रंगानं. जो झाला न्हाई, त्याचं खडूनं."

"खडू पुसला जातोय की दादा."

"पुसला की पुन्हा लिवायचा. तेवढंच ध्यानात राहतंय."

उजव्या कोपऱ्यात जागा उरली होती. तिथं मी आपला किनारा काढला आणि सगळ्यात पहिल्यांदा, कोणी सांगायच्या आत, पिवळ्या रंगात झोकात लिहिलं, भारत! समुद्र मोकळा दिसत होता म्हणून एक मासाही काढला.

नगरकर सर चष्मा वर करून बघत राहिले. "भारत आपल्या विषयाबाहेर आहे. आणि हा मासा?"

दादा म्हणाला, "सर, आपण कुठून बघतोय ते नकाशावर नको का?"

"बरं. आणि मासा?"

मासा राहिला!

नकाशा टांगला तो धुराड्याच्या भिंतीवर. खालच्या भट्टीची ऊब तिथून वर यायची. लोणावळ्याच्या पावसात रंग वाळेल अशी साऱ्या गावात ती एकच भिंत.

*

मग देश सुटायला लागले. एकेका मीटिंगला दोन-दोन! मी टांगानिका लिहिलं, सुंदर आलं होतं, टच्या पोटात सावलीसुद्धा दिली. पुढं झांझिबार लिहिलं. बेट लहान, नाव मोठं, ते समुद्रात न्यावं लागलं, माशाच्या अगदी तोंडाशी. रंग जेमतेम वाळला आणि दादा म्हणाला, "बबन्या, ते दोन्ही एक झाले. आता नवीन नाव टांझानिया."

मी ब्रश आपटला. "त्यांना कळवा की! एकदाच काय ते ठरवा म्हणावं! माणसाला कामधंदा हाय का न्हाई?"

कोल्हापूरचे हिरवे सर सचिव होते. मीटिंगमध्ये कोणी शिंकलं तरी ते लिहून घ्यायचे. पुढच्या मीटिंगला त्यांनी इतिवृत्त वाचलं, "टांगानिका व झांझिबार यांच्या एकीकरणाचे मंडळाने स्वागत केले. श्री. बबन यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली."

आणि सर्वांनी हात वर करून ते मंजूरही केलं!

*

मोतीशेठला बरीच वर्षं समजेना की वर काय चालतं. एकदा धीर करून वर आला, हातात चिक्कीचं ताट. "साहेब, एक विचारू? तिकडं शेंगदाणा होतो का?"

मुंबईच्या लोबोबाई म्हणून एक सभासद होत्या. मूळच्या गोव्याच्या, मंडळात पोर्तुगीज येणाऱ्या त्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "होतो ना. मोझांबिकात भरपूर."

"मग पिकवणाऱ्याला काय मिळतं?"

लोबोबाईंनी सांगितलं. कोणाच्या जमिनीवर पिकतो, कोण सक्तीनं पिकवून घेतं, पिकवणाऱ्याच्या पोरांच्या वाट्याला काय येतं. शेठ उभ्या उभ्या ऐकत होता. शेवटी ताट खाली ठेवून म्हणाला, "असला शेंगदाणा माझ्या भट्टीत नको."

नगरकर सर नंतर म्हणाले, "इतक्या वर्षांत मंडळाच्या कामाचा प्रत्यक्ष परिणाम झालेला हा पहिला माणूस!"

*

हिरवे सर आणि दादा यांचं कधीच पटलं नाही. एकदा दोघं भांडत स्टेशनवर गेले, भांडत फलाटावर उभे राहिले, गाडी आली, थांबली, गेली, आणि दोघं तिथंच! मग दादानं हिरवे सरांना मुक्कामाला औंढ्याला आणलं.

आईनं भाकरी वाढली आणि विचारलं, "सर, तुमच्या त्या आफ्रिकेत भांडान हाय तरी कशावरनं?"

हिरवे सर सरसावून बसले. साम्राज्य, भांडवल, वंश, टोळ्या. भाकरी निवली. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे ज्याची जमीन त्याच्याकडं न्हाई, एवडंच ना?"

हिरवे सरांनी मान डोलावली.

"मग एवडं बोलाया कशाला लागतंय? खावा आता."

पुढच्या मीटिंगला हिरवे सरांचं टिपण दीड पानाचं होतं. एरवी ते चौदा पानांचं असायचं!

*

आता माझी चूक. ही चूक जगात फक्त मीच करू शकतो.

दिवाळीनंतरचे दिवस. हॉटेलात चहा पीत होतो, रेडिओवर बातमी आली की ऱ्होडेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. ऱ्होडेशिया म्हणजे हिरवे सरांचा देश! मी कप तसाच टाकला आणि पळालो. खडू पुसला, पिवळा रंग काढला, भलं मोठं अक्षर टाकलं. वर झेंडूची माळसुद्धा लावली. म्हटलं, रविवारी हिरवे सर खूश होतील.

रविवारी मंडळी जिना चढून आली आणि दारातच थांबली. हिरवे सरांनी टोपी काढून हातात घेतली, मयताला घेतात तशी.

मी म्हटलं, "काय झालं? रेडिओत सांगितलं की!"

दादानं मला खिडकीशी नेलं. "बबन्या, समज, आपल्या पाटलानं चावडीला आतनं कुलूप लावलं आन वरडला, आजपासनं मामलेदाराचं ऐकायचं न्हाई, मी सोतंत्र! तर गाव सोतंत्र झालं का?"

"न्हाई. गाव तर भाईरच राहिलं."

"व्हय ना? तितल्या मूठभर गोऱ्यांनी तेच केलंय. रेडिओत आलं म्हून रंग लावायचा न्हाई. तितली माणसं तोंड उघडाया मोकळी हायेत का, ते बघायचं. न्हाईत? मग खडू."

मी टर्पेंटाइन घेतलं आणि पुसलं. डाग राहिला तो राहिलाच. त्यावर हिरवे सरांनी स्वतःच्या हातानं खडूनं नाव लिहिलं. अक्षर अगदी भिकार होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात नगरकर सर पुटपुटले, "मंडळाला जे समजायला सहा पानं लागली, ते एका पाटलात झालं."

माळ मात्र शेठनं भट्टीच्या दाराला लावली!

*

दादाचा डावा कान गेला होता. पंचावन्न साली तो कॉलेजातून परस्पर गोव्याच्या सत्याग्रहाला गेला. हद्दीवर पोर्तुगीज शिपायानं बंदुकीचा दस्ता कानावर मारला. घरी आला तेव्हा आईनं विचारलं, "काय आणलंस गोव्याहून?" दादा म्हणाला, "आईक, हिकडनं कायबी आईकू येत न्हाई. आता तुझी बोलणी अर्धीच!"

हिरवे सर दर मीटिंगला दादाच्या डाव्या हाताला बसायचे आणि तावातावानं खोडून काढायचे. दादा शांत. मान हलवायचा. हिरवे सर कोल्हापूरला जाऊन सांगायचे, "रघुनाथरावांसारखा टीका सोसणारा माणूस पाहिला नाही!"

तीन वर्षांनी लोबोबाईंच्या तोंडून कानाची गोष्ट बाहेर पडली. हिरवे सर ताडकन उठले, खुर्ची उचलली आणि उजव्या बाजूला ठेवली. "आता पहिल्यापासून!"

आणि खरंच पहिल्यापासून सुरुवात केली!

देश वाटून घेतले तेव्हा मोझांबिक कोणालाच नको होता. तिथं काही घडत नाही, बातम्या मिळत नाहीत, मिळाल्या तर पोर्तुगीजमध्ये. दादानं हात वर केला. "मला द्या. तिथं तेच शिपाई आहेत."

तेव्हापासून लोबोबाई पोर्तुगीज कात्रणं वाचून दाखवायच्या, दादा टिपण लिहायचा. प्रत्येक टिपणाची शेवटची ओळ एकच, "अजून नाही." तेरा वर्षं! बाकीच्यांचे देश एकेक करून पिवळे झाले आणि मी दर मीटिंगला मोझांबिक खडूनं गिरवायचो. मला झोपेतून उठवा, मी मोझांबिक लिहून दाखवतो.

*

मग पोर्तुगालमध्येच सरकार उलथलं आणि मोझांबिकच्या स्वातंत्र्याची तारीख ठरली. पुढच्या जूनचा शेवट. तारीख कळली त्या दिवशीच दादानं आख्ख्या बाजाराला चिक्की वाटली. मी लगेच ब्रश काढला, तर माझा हात धरून म्हणाला, "घाई न्हाई. ठरलंय, झालं न्हाई."

पण चैत्रातच त्याला कावीळ झाली. बारा दिवस. दवाखान्यात त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तरी मला म्हणाला, "बबन्या, बघ, रंग तयार हाय!" मला हसू आलं आणि मग मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

शेवटचं शुद्धीत बोलला ते असं. "मोझांबिक तू लिव. पण एकट्यानं न्हाई. समद्यांच्या समोर."

मी म्हटलं, "समद्यांच्या समोर."

मंडळानं शोकसभा घेतली. दोन मिनिटं उभे राहिले. हिरवे सर दादाच्या रिकाम्या खुर्चीशी उभे होते. नंतर ते वहीत लिहायला लागले, कोणता देश कोणाकडे. एका ओळीशी थांबले आणि हळूच वाचलं, "मोझांबिक, जागा रिकामी."

माझं डोकं फिरलं. "रिकामी म्हंजे? मी हाय की!"

कोणीतरी समजावायला लागलं, "बबनराव, तसं नाही, अभ्यास लागतो."

"तेरा वर्षं गिरवलाय मी तो देश! तुमी कुणी गिरवलाय?"

नगरकर सरांनी हिरवे सरांच्या हातून पेन घेतलं, रिकामी शब्द खोडला आणि वर लिहिलं, श्री. बबन.

*

तर जूनचा तो आठवडा. रविवारी मीटिंग ठरलेली. बुधवारी मोझांबिक स्वतंत्र झालं. गुरुवारी सकाळी मी रेडिओ लावला तो मोझांबिकची बातमी ऐकायला, आणि ऐकू आली आणीबाणी.

शुक्रवारपासून पोस्टकार्डं यायला लागली. एकाला ताप. एकाची कंबर धरली. नगरकर सरांना पडसं. लोबोबाईंची दाढ. हिरवे सरांनी लिहिलं होतं, "अतिसार." शनिवारी दुपारपर्यंत सातही सभासद आजारी! मोतीशेठ खाली मान घालून म्हणाला, "बबन, वर कापडावर देशांचे नकाशे, गावोगावचे प्रोफेसर. लोकांना धरून नेताहेत. माझी पोरंबाळं आहेत. तो नकाशा आज काढ."

मी म्हटलं, "शेठ, उद्या काढतो. उद्या दुपारी. तोवर भट्टी विझवू नका."

आणि तडक तारऑफिसात गेलो. सात तारा, सातही एकसारख्या. "रंग कालवून ठेवला आहे. रविवार अकरा. बबन."

तारबाबूनं वाचून विचारलं, "कुणाचं घर रंगवतोस?"

"भावाचं."

रविवारी धो धो पाऊस. मी सकाळी सातलाच खोलीत जाऊन बसलो. ठरवलं होतं की अकराला कोणी नसलं तर बारापर्यंत थांबायचं, बाराला नसलं तर पुढच्या रविवारपर्यंत, पण एकट्यानं ब्रश उचलायचा नाही.

पावणेअकराला जिना वाजला. लोबोबाई. छत्री उलटी झालेली, नखशिखांत भिजलेल्या.

"बाई, दाढ?"

"कुठली दाढ? ती पोस्टात पत्रं वाचणाऱ्यांसाठी!"

मग हिरवे सर, कोल्हापूरहून रात्रभर उभ्यानं आलेले. दारात लोबोबाईंना बघून चमकले. "तुम्ही आजारी होता ना?"

"तुम्हालाही अतिसार होता ना?"

"पोस्टमनला तपासता येणार नाही असा तोच एक आजार सुचला!"

तापवाला आला. कंबरवाला तीन-तीन पायऱ्या चढत आला. जो येई तो बाकीच्यांना बघून ओशाळे आणि मग हसे. शेवटी नगरकर सर आले, काठी टेकत, आणि दारातच खरोखर शिंकले. "मी एकटाच खरं बोललो होतो," म्हणाले.

तेवढ्यात खाली हवालदार आला. चिक्की घ्यायला की आणखी कशाला, कोण जाणे. त्याचा आवाज वर येत होता. "वर गडबड कसली, शेठ?"

आम्ही आठ जण श्वास धरून बसलो. मोतीशेठ म्हणाला, "रंगकाम काढलंय."

"एवढ्या पावसात?"

"भट्टीवरची खोली आहे, वाळतो."

हवालदार गेला. शेठ स्वतः वर आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

मी खडूचं मोझांबिक ओल्या फडक्यानं पुसलं. पिवळ्या रंगात सावकाश लिहिलं, प्रत्येक अक्षराला सावली दिली, अनुस्वार गोल गरगरीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या नव्हत्याच. हिरवे सर दादाच्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला वाकून हळूच म्हणाले, "रघुनाथराव, झालं."

मग त्यांनी वही उघडली आणि पेन हवेत धरून अडले. "उपस्थितांची नावं? वही सापडली तर?"

नगरकर सर म्हणाले, "खरं तेच लिहा. सातही पोस्टकार्डं पुराव्याला आहेत."

हिरवे सरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "उपस्थित, कोणी नाही. सर्व सभासद आजारी."

सगळे हसले. लोबोबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होत्या. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. शेठ म्हणाला, "आता काढायचा ना नकाशा?"

मी म्हटलं, "थांबा. अजून एक काम राहिलंय."

मी फळ्याच्या काळ्या रंगाचा डबा उघडला, रुंद ब्रश घेतला आणि उजव्या कोपऱ्यात, चौदा वर्षांपूर्वी सगळ्यात आधी लिहिलेली ती तीन पिवळी अक्षरं झाकून टाकली. कोणी मला थांबवलं नाही. खाली भट्टी पेटलेली होती. भिंत गरम होती. आम्ही सगळे तो काळा चौकोन वाळायची वाट बघत बसलो.

वाळल्यावर मी खिशातून खडू काढला आणि तिथं लिहिलं, भारत.